सहाशे लोकांच्या गावाला स्वतःची पंचायत कशाला?

"एवढ्याशा गावाला वेगळी पंचायत हवीच कशाला, शेजारच्या मोठ्या गावात टाका की, एक ऑफिस, एक बजेट, खर्च पण वाचेल." हे बोलणं इतकं शहाण्यासारखं वाटतं की त्याला विरोध करणारा माणूस आपोआप हट्टी नाहीतर अडाणी ठरतो. माझं मत नेमकं उलट आहे. आणि ते मांडायला मी जर्मनीतली खेडी घेतोय, कारण हा प्रयोग तिथे प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने करून बघितला, त्यामुळे एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली, वेगवेगळे रिझल्ट शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. असली सोय फार कमी विषयांत मिळते.

आधी एर्मर्सहाउझेन. बव्हेरिया राज्याच्या उत्तर टोकाला, फ्रँकोनियात, हासबेर्गे जिल्ह्यात हे गाव आहे, सहाशे-सातशे वस्तीचं. त्या वेळी पूर्व जर्मनीची काटेरी तारांची सीमा तिथून अगदी जवळ होती, म्हणजे देशाचं शेवटचं टोकच, त्याच्या पलीकडे कोणी जात नव्हतं आणि पलीकडून कोणी येत नव्हतं. १ मे १९७८ ला बव्हेरियाची ग्रामफेररचना फायनल झाली आणि हे गाव शेजारच्या मारोल्ड्सवाइसाखमध्ये जमा झालं. गावकऱ्यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी काय केलं, तर आपल्या पंचायतीच्या इमारतीला पहारा दिला, दारं अडवली, दप्तर बाहेर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. दप्तर म्हणजे काय असतं एका खेड्याचं, जमिनीचे कागद, रजिस्टरं, ठरावांच्या वह्या, शिक्के. पण ज्याच्याकडे दप्तर त्याचा कारभार हे गावाला पण माहीत होतं आणि सरकारला पण. मग त्याच मे महिन्यात एके दिवशी भल्या पहाटे शेकडो पोलीस गावात घुसले, इमारत ताब्यात घेतली आणि फायली उचलून घेऊन गेले. सातशे माणसांच्या गावातल्या कपाटातल्या फायलींसाठी एवढी फौज! ज्या खात्याने हा सगळा खटाटोप खर्च वाचवायला म्हणून चालवला होता त्याने त्या एका पहाटेचं बिल कुठल्या हेडखाली टाकलं असेल हे मला खरंच बघायला आवडेल.

गाव गप्प बसलं नाही. निवडणुकांवर बहिष्कार, निदर्शनं, अर्ज, पुन्हा अर्ज. आल्फोन्स गोपल मुख्यमंत्री होते तेव्हा हे सुरू झालं, मग फ्रान्त्स योसेफ श्ट्राउस आले, त्यांच्यानंतर माक्स श्ट्राइब्ल, मग एडमुंड श्टॉयबर. सगळे एकाच पक्षाचे, म्हणजे गावकऱ्यांना विरोधी पक्ष येईल आणि सुटका करेल अशी पण आशा नव्हती. शेवटी १ जानेवारी १९९४ ला एर्मर्सहाउझेन परत स्वतंत्र गाव झालं. मधे जवळजवळ सोळा वर्षं गेली, एक अख्खी पिढी शाळेत जाऊन शाळेबाहेर पडली, सीमेवरच्या तारा निघाल्या, जर्मनी एक झाली, आणि या लोकांचं आपलं एकच चालू होतं, आमची पंचायत आम्हाला परत द्या.

आता यात सरकारला व्हिलन करून टाकणं सोपं आहे पण ते खरं होणार नाही. फेररचनेमागची कारणं खरी होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीत सुमारे २४००० गावं-शहरं अशी होती की ज्यांना कायद्याने स्वतःचा कारभार होता. त्यातल्या हजारो गावांत सरपंच म्हणजे शेतकरी, ऑफिस म्हणजे त्याच्या घरातली एक खोली, आणि कामं मात्र युद्धानंतर भलतीच वाढलेली. सांडपाण्याच्या लाइनी टाकायच्या, नवीन घरांसाठी प्लॅन करायचा, पूर्वेकडून हाकलून दिलेले लाखो निर्वासित गावागावांत येऊन वसलेले, त्यांची सोय लावायची, शाळा चालवायची. गायी धारेला लावून मग बिल्डिंग परवानगीचा कायदा वाचणं हे कुणाला जमणार? तेव्हा काहीतरी करायला पाहिजे होतं यात वाद नाही. १९८० पर्यंत त्या २४००० चे सुमारे ८५०० झाले. बव्हेरियात गृहमंत्री ब्रूनो मेर्क यांनी सुमारे ७००० ची संख्या २००० च्या आसपास आणली, आधी गोडीगुलाबीने, जे स्वखुशीने एकत्र येतील त्यांना जास्तीचा निधी, आणि जे राहिले त्यांना मग कायद्याचा बडगा.

माझं म्हणणं इथे सुरू होतं. अडचण होती ती कागदपत्रांची. उपाय केला तो निर्णयाच्या हक्कावर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगळ्या ठेवता येतात, हे त्याच वेळी दुसऱ्या एका राज्याने करून पण दाखवलं.

ते राज्य म्हणजे ऱ्हाईनलांड-फाल्त्स. द्राक्षमळे, आयफेल आणि हुन्सऱ्युकचे डोंगर, आणि डोंगरात विखुरलेली खेडी. लोकसंख्या साधारण ४० लाख आणि गावं-शहरं मिळून सुमारे २३००! शेजारचं नोर्डऱ्हाईन-वेस्टफालन बघा, लोकसंख्या १ कोटी ८० लाख आणि तिथे सगळी मिळून ३९६. म्हणजे एका राज्यात एका पंचायतीमागे सरासरी पावणेदोन हजार माणसं आणि पलीकडच्या राज्यात पंचेचाळीस हजार. दोन्ही श्रीमंत देशातली नीट चालणारी राज्यं आहेत, एकात पाणी येतं आणि दुसऱ्यात येत नाही असं काही नाही. ऱ्हाईनलांड-फाल्त्सने केलं काय, तर बहुतेक गावं तशीच ठेवली आणि आठ-दहा, कधी वीस-तीस गावांना मिळून एक ऑफिस दिलं. त्याला फेरबांड्सगमाइंडे म्हणतात. पगारी माणसं तिथे बसतात. पाणी, सांडपाणी, प्राथमिक शाळा, अग्निशमन दल, जन्म-मृत्यूच्या नोंदी, टॅक्सची बिलं, हे सगळं तिथून चालतं. पण स्मशानभूमीत नवीन जागा कुठे काढायची, गावचा हॉल कितीला भाड्याने द्यायचा, गावच्या जंगलातली लाकडं कशी विकायची, कुठल्या शेतात घरं बांधू द्यायची आणि कुठल्या नाही, हे गाव ठरवतं. घरांचा प्लॅन कोणाच्या हातात हे छोटं प्रकरण नाही हे वेगळं सांगायला नको, एका रेघेने शेत प्लॉट होतं ते सगळीकडेच.

या गावांची निवडणूक जवळून बघण्यासारखी असते. तीनशेपर्यंत वस्ती असेल तर कौन्सिलचे मेंबर सहा, पाचशेपर्यंत आठ, हजारपर्यंत बारा. लहान गावांत बऱ्याचदा पक्षांच्या याद्याच नसतात. मग नियम असा आहे की मतदार कोणाचंही नाव स्वतःच्या हाताने मतपत्रिकेवर लिहू शकतो, फक्त तो माणूस उभं राहायला पात्र पाहिजे. यादी आलीच नसेल तर पेपरच कोरा. त्या कोऱ्या कागदावर लोक शेजाऱ्याचं नाव लिहितात, जिने मागच्या वर्षी बालवाडीच्या कुंपणासाठी भांडण काढलं तिचं लिहितात, आणि संध्याकाळी मतमोजणी झाल्यावर एखाद्याला कळतं की आपण निवडून आलोय! नाही म्हणायची मुभा असते, पण चारशे लोकांच्या गावात रोज ज्यांची तोंडं बघायची त्यांना नाही म्हणणं सोपं नसतं. प्रचार नाही, बॅनर नाही, गाड्या नाहीत. मला विचाराल तर यापेक्षा शुद्ध निवडणूक अवघड आहे. अर्थात यात गावातल्या दोन-तीन घराण्यांचीच नावं दर वेळी येतात हे पण खरं, त्यावर पुढे बोलतो.

याहून लहान पण आहेत. आयफेलमधलं डीअरफेल्ड हे गाव दहाच्या आसपास माणसांचं, तरी कायद्याने स्वतंत्र. उत्तरेला श्लेसविग-होल्स्टाइनमध्ये ७० पर्यंत वस्ती असेल तर कौन्सिल निवडतच नाहीत, सगळे मतदार मिळून गावसभा आणि तीच पंचायत. समुद्रातलं ग्र्योडं नावाचं चिमुकलं बेट असंच चालतं, वादळ आलं की घरांची टेकाडं सोडून बाकी सगळी जमीन पाण्याखाली जाते, पण कारभार मात्र स्वतःचा. राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये या गावसभेची सोय लिहूनच ठेवलीय. आणि त्याच कलमात म्हटलंय की गावाच्या हद्दीतले सगळे स्थानिक प्रश्न कायद्याच्या चौकटीत स्वतःच्या जबाबदारीवर सोडवण्याचा हक्क गावाला असला पाहिजे. आता हे कलम घटनेत घालावंसं का वाटलं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

जर्मन खेड्याला स्वतःचा कारभार काही कोणी एकदम ताटात वाढून दिला नाही. प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्यात मंत्री फॉम श्टाइन यांचा प्रसिद्ध स्वराज्याचा कायदा १८०८ चा, पण तो शहरांसाठी. खेड्यांचं नावच नाही, कारण खेड्यांत जमीनदार बसलेले. बव्हेरियाने १८१८ च्या फर्मानाने गावांना कायदेशीर अस्तित्व दिलं, पण प्रशियाच्या पूर्वेकडच्या प्रांतांतल्या खेड्यांना नीट कायदा मिळायला १८९१ उजाडलं, आणि तेव्हाही जमीनदारांच्या इस्टेटी त्यातून वेगळ्याच ठेवल्या. इस्टेटीवर राहणाऱ्या मजुरांना ना गाव ना पंचायत, मालक हाच कारभारी. ही भानगड मोडायचा कायदा डिसेंबर १९२७ मध्ये झाला. म्हणजे पूर्वेकडच्या कितीतरी शेतमजुरांना आपल्या राहत्या जागेचा कारभारी निवडायचा हक्क मिळाला आणि पाच-सहा वर्षांत गेला पण, कारण १९३३ ला नाझी आले. ३० जानेवारी १९३५ च्या कायद्याने देशभर एकच पद्धत आली, गावचा प्रमुख निवडायचा नाही, पक्षाच्या शिफारशीने नेमायचा, आणि कौन्सिलने मतदान करायचं नाही, फक्त सल्ला द्यायचा. वरपासून खालपर्यंत एकाच माणसाचा शब्द चालवायचा असेल तर खेड्यातली हात वर करून मत देणारी आठ माणसं सुद्धा अडचणीची असतात हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पूर्व जर्मनीत युद्धानंतर परत तेच, जरा वेगळ्या रंगात. १९५२ ला राज्यंच मोडीत काढली, १९६० पर्यंत शेतं सामूहिक केली, गावात कौन्सिल होतं, सरपंच होता, निवडणूक पण होती, फक्त यादी एकच होती. आणि गंमत बघा, त्या राजवटीला मोठा तडा गेला तो पण स्थानिक निवडणुकीतूनच. ७ मे १९८९ ला देशभर स्थानिक निवडणुका झाल्या, या वेळी लोक मतमोजणीला जाऊन बसले, कायद्याने ती सगळ्यांना खुली होती पण आधी एवढ्या संख्येने कोणी जात नसे. त्यांनी केंद्राकेंद्रावरचे विरोधी मतांचे आकडे वहीत उतरवून घेतले आणि संध्याकाळी सरकारने जाहीर केलेल्या आकड्यांशी ते जुळेनात. मग दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनमध्ये निदर्शनं सुरू झाली, आणि नोव्हेंबरात भिंत पडली. वर्षभराने, ६ मे १९९० ला, तिथे पहिल्या खऱ्या स्थानिक निवडणुका झाल्या.

हे सगळं सांगायचं कारण, "पंचायत म्हणजे शेवटी नळाची आणि दिव्याची कामं, त्यात राजकारण कसलं" हा जो युक्तिवाद असतो तो या इतिहासापुढे टिकत नाही. ज्यांना राजकारण मोडायचं होतं त्यांनी दोन्ही वेळा खेड्यापर्यंत हात घातला होता.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. १८४५ मध्ये याच ऱ्हाईनलांड भागात, वेस्टरवाल्डच्या डोंगरात, वायरबुश नावाच्या ठिकाणी सत्तावीस वर्षांचा एक तरुण बुर्गरमाइस्टर, म्हणजे गावांचा कारभारी, म्हणून आला, फ्रीडरिश विल्हेल्म राइफआयझेन. त्याच्या ऑफिसखाली वीसेक खेडी होती. १८४६-४७ चा हिवाळा उपासमारीचा, पीक बुडालेलं, धान्याचे भाव गगनाला. सरकारी धान्य आलं पण हुकूम असा की रोख पैसे देतील त्यांनाच द्या, आणि रोख पैसे कोणाकडे असणार? या माणसाने गावातल्या खाऊन-पिऊन बऱ्या लोकांना एकत्र करून फंड उभा केला, सामायिक भट्टी बांधली, गरिबांना उधारीवर पाव दिला. पुढे फ्लामर्सफेल्डला बदली झाल्यावर त्याला दिसलं की शेतकरी गुरं घ्यायला सावकाराकडे जातो आणि तिथेच बुडतो, मग १८४९ मध्ये तिथे मदतसंस्था काढली, आणि नंतर हेडेसडोर्फला १८६४ मध्ये कर्ज देणारी सोसायटी, जिच्यात सभासदच सगळ्या कर्जाला एकत्रितपणे जबाबदार.

इकडे पुणे जिल्ह्यात सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दुखणं तेच होतं. मग मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपात पाठवून अभ्यास करवला, त्यांनी राइफआयझेनच्या पद्धतीचा रिपोर्ट दिला, १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि त्यात खेड्यातल्या सोसायट्यांसाठी अमर्याद जबाबदारीचं तत्त्व सरळ तिकडूनच उचललं. आज आपल्याकडे गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा बोर्ड दिसतो त्याचा एक धागा असा वेस्टरवाल्डच्या एका गावपातळीवरच्या ऑफिसात जातो. त्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, उधारीवर पाव द्यायचा निर्णय बर्लिनमधला अधिकारी घेऊच शकला नसता, त्याला कोणाची चूल पेटत नाही हे माहीत असायचं कारण नव्हतं. आणि दोन, राइफआयझेन पण एकट्या गावाचा नव्हता, वीस खेड्यांना मिळून एक ऑफिस होतं आणि गावं आपापल्या जागी. म्हणजे सामायिक ऑफिस आणि स्वतंत्र गावं ही काही १९७० मधली नवी आयडिया नव्हती, त्या भागात ती जुनीच वहिवाट होती. हां, तो निवडून आलेला नव्हता, सरकारने नेमलेला होता, हे पण सांगून टाकतो, उगाच लोकशाहीचा पुतळा करायला नको.

मग विरुद्ध बाजू. पहिली, पैशाची. मोठं केलं की खर्च कमी होतो का? यावर जर्मनीत बराच अभ्यास झालाय आणि उत्तर सरळ नाही. सॅक्सनीने २००८ मध्ये २२ जिल्ह्यांचे १० केले, ड्रेस्डेनच्या इफो या अर्थशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधनात त्यातून खर्चात बचत झाल्याचं काही दिसलं नाही. ब्रांडेनबुर्गमध्ये मात्र २००३ च्या आसपास जी गावं सक्तीने जोडली त्यांच्यात खर्च कमी झाल्याचं एका अभ्यासात निघालं, स्वखुशीने जोडलेल्यांत नाही. म्हणजे बचत होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण जिथे झाली तिथे ती सक्तीने झाली हे लक्षात घ्या, आणि बचत मोजताना पगार, भाडं, स्टेशनरी मोजतात. गावच्या हॉलची खुर्ची मोडली तर शनिवारी येऊन ती दुरुस्त करणारा माणूस त्या आकड्यात कुठेच नसतो. जर्मनीत आगीला धावून जाणारे जवळपास दहा लाख लोक बिनपगारी स्वयंसेवक आहेत, पगारी फायर ब्रिगेड फक्त शंभरेक शहरांत. खेड्यातला सरपंच पण मानद, महिन्याला काही शे युरो भत्ता. हे लोक फुकट काम करतात कारण ते आपलं गाव आहे. उद्या तेच गाव वीस किलोमीटरवरच्या टाउनहॉलचा "वॉर्ड क्रमांक अमुक" झालं तर मोडकी खुर्ची दिसली की माणूस काय करतो? तक्रारीचा मेल टाकतो. त्यात त्याची चूक नाही, जिथे मत नाही तिथे घाम कोण गाळणार.

राजकारण्यांनाही हे उशिरा का होईना कळलंय. २०१७ च्या नोव्हेंबरात ब्रांडेनबुर्गचे मुख्यमंत्री डीटमार वोइडके यांनी जिल्हे जोडायचा मोठा प्लॅन शेवटच्या क्षणी मागे घेतला, लोकांचा विरोध इतका होता. थ्युरिंगियाने पण त्याच वर्षी असाच प्लॅन गुंडाळला.

दुसरी बाजू, घराणेशाहीची. ही मला जास्त टोचते. लहान गावात कौन्सिल म्हणजे बऱ्याचदा तीच तीन आडनावं, फायर ब्रिगेड, फुटबॉल क्लब आणि चर्चची कमिटी या तिन्हीकडे तेच चेहरे, आणि बाहेरून येऊन घर बांधलेला माणूस वीस वर्षांनी पण "नवीन". बायका तर फारच कमी, जर्मनीत सरपंच आणि महापौर मिळून बघितलं तर दहात एक बाई असेल नसेल. या बाबतीत महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतीत पन्नास टक्के जागा महिलांना राखल्या ते बघितलं तर जर्मन खेडी कितीतरी मागे आहेत, आणि त्यांना हे कोणी सांगितलं तर ते थोडे नाराज पण होतात. पण यावर गावं जोडणं हा इलाज कसा? मोठ्या युनिटमध्ये आठ जागांच्या ऐवजी गावाला एक जागा येते, आणि ती एक जागा कोणाला जाईल? त्या तीन आडनावांपैकी सगळ्यात वजनदार आडनावाला. नवीन माणसाचा, बाईचा, तरुणाचा नंबर लागायचा तो आठातल्या सातव्या-आठव्या जागेवर, आणि तुम्ही कापता पण त्याच जागा.

स्वतःची पंचायत म्हणजे चिलखत असंही मी म्हणत नाही. पूर्वेकडच्या लुसाटिया भागातलं होर्नो हे सोर्ब या अल्पसंख्य स्लाव्ह लोकांचं गाव, स्वतंत्र होतं, कोळशाच्या खाणीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडलं, कोर्टात गेलं, तरी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते पाडलंच. खाणीपुढे आठ मेंबर काय करणार. फक्त एवढंच, की भांडताना त्यांच्याकडे ठराव करायला एक टेबल होतं आणि कोर्टात उभं राहायला गाव नावाचा एक कायदेशीर वादी होता.

तिसरी बाजू म्हणजे आजची खरी अडचण, सरपंच व्हायला कोणी तयार नाही. ऱ्हाईनलांड-फाल्त्समध्ये ९ जून २०२४ ला स्थानिक निवडणुका झाल्या, शेकडो गावांत सरपंचपदाला एक पण उमेदवार नव्हता. मग नियमाप्रमाणे कौन्सिलने कोणालातरी तयार करायचं, आणि तेही जमलं नाही तर उपसरपंच गाडा ओढतो. बघा, कोणाला नकोच आहे, आता तरी जोडा, असं लगेच म्हटलं जातं. पण का नकोय ते विचारा ना. गावाला इन्कम टॅक्सच्या वाट्यातले पैसे मिळतात, गावांचा एकूण वाटा १५ टक्के, शिवाय जमिनीचा टॅक्स आणि धंद्यावरचा टॅक्स, ज्यांचा दर गाव स्वतः ठरवतं. कागदावर छान. पण धंदाच नसलेल्या गावात धंद्यावरचा टॅक्स येणार कुठून, आणि जे येतं त्यातला मोठा हिस्सा जिल्ह्याला आणि त्या सामायिक ऑफिसला वर्गणी म्हणून जातो. बजेट तुटीत गेलं की वरून पत्र येतं, जमिनीचा टॅक्स वाढवा. मग सरपंचाने करायचं काय तर संध्याकाळी नोकरीवरून येऊन शेजाऱ्यांना सांगायचं की तुमचा टॅक्स वाढतोय, आणि पावसात गळणाऱ्या हॉलसाठी पैसे नाहीत. हे काम मी पण घेणार नाही.

ज्या गावांत हाताशी पैसा आला तिथे चित्र वेगळं दिसतं. हुन्सऱ्युकमध्ये गावच्या मालकीच्या जंगलात आणि माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, भाडं गावाच्या खात्यात. त्यातून कुठे गावभर गरम पाण्याचे पाइप टाकून लाकडाच्या भुशावर आणि सोलरवर घरं उबदार ठेवली, कुठे दुकान टिकवलं, कुठे बालवाडीला खोल्या बांधल्या. २०२१ च्या अक्षय ऊर्जेच्या कायद्याने तर नवीन पवनचक्कीच्या अडीच किलोमीटरच्या पट्ट्यातल्या गावांना दर युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत द्यायची सोय केलीय. त्या भागातली मीटिंग कशी असेल बघा, भांडण आहेच, पण "हे पैसे कशावर घालायचे" यावरचं भांडण, आणि तसल्या भांडणाला माणसं येतात.

एर्मर्सहाउझेनचं आज कसं चाललंय हे पण सांगण्यासारखं आहे. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी स्वतःचं मोठं ऑफिस वगैरे थाटलं नाही. शेजारच्या होफहाइम गावाबरोबरच्या प्रशासकीय संघात ते गेले, फायली, बिलं, पगार तिकडे, आणि आठ मेंबर आणि सरपंच आपले. वर्षातून एकदा सगळ्या गावाची सभा घेणं बव्हेरियाच्या कायद्याने बंधनकारक आहे, ती गावाची. म्हणजे सोळा वर्षं भांडून त्यांनी जे मिळवलं ते जवळपास तेच, जे ऱ्हाईनलांड-फाल्त्सने आपल्या बहुतेक खेड्यांकडून कधी काढूनच घेतलं नव्हतं.

म्हणून माझा हिशोब असा. नकाशाला हात लावायच्या आधी वर्गणीला लावा. गावाच्या उत्पन्नातला एक ठराविक हिस्सा असा ठेवा की ज्याला जिल्हा, सामायिक ऑफिस, कोणीच हात लावणार नाही, रक्कम छोटी असली तरी चालेल पण ती गावाने वरच्याला न विचारता खर्च करायची. सरपंचाला भत्ता नीट द्या, पेन्शनमध्ये ते काम धरा, आणि नोकरी देणाऱ्याला सांगा की मीटिंगच्या दिवशी याला लवकर सोडायचं. अनुदानाचे अर्ज भरायचं काम पूर्णपणे त्या सामायिक ऑफिसातल्या पगारी माणसाला द्या, नर्स किंवा सुतार असलेल्या सरपंचाने रात्री अकराला चाळीस पानी फॉर्म भरायचा ही पद्धत बंद करा. आणि एवढं करून पण एखाद्या गावात लागोपाठ दोन निवडणुकांत कोणीच पुढे आलं नाही, तर त्या गावाचं मतदान घ्या, जोडायचं का आणि कोणाशी, ते गाव हो म्हणालं तर खुशाल जोडा.